विणीच्या हंगामात बंद असलेल्या अभयारण्याच्या रस्त्यावर आपल्या सायकल कम्प्युटरने नेल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा व नकाशा विभाग

विषय: ‘लोकप्रिय मार्ग’ या सुविधेतील गंभीर दोष आणि बंद क्षेत्रातील माझ्या राइडची नोंद हीटमॅपवरून (सर्वांच्या राइड एकत्र करून जास्त वापराचे रस्ते ठळक दाखवणाऱ्या नकाशावरून) काढण्याबाबत

महोदय,

गेली तीन वर्षे मी आपल्या कंपनीचा सायकल कम्प्युटर, म्हणजे सायकलवर बसवलेले मार्ग दाखवणारे यंत्र, वापरते आहे. आजवर तक्रारीला जागा नव्हती. आपल्या ॲपमधून यापूर्वी दोनदा लिहिले, दोन्ही वेळा ठरावीक मजकुराचे उत्तर आले. म्हणून आता सविस्तर पत्र लिहीत आहे. कृपया ते नकाशाचे काम करणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचवावे.

गेल्या मे महिन्यात मी ९६ किलोमीटरची एक फेरी आखली. सायकलचा प्रकार ‘रोड’ निवडला, कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय चालू ठेवला आणि ‘लोकप्रिय मार्गांना प्राधान्य’ हाही. पहिले चाळीस किलोमीटर फार सुंदर गेले, हे मुद्दाम नोंदवते. शेतांमधून जाणारे अरुंद डांबरी रस्ते, बेताचे चढउतार, वाहने जवळपास नाहीत. असे रस्ते अनोळखी भागात स्वतःहून सापडणे अवघड असते. ते आपल्या यंत्राने शोधून दिले. पुढे अभयारण्यातून जाणारा मुख्य रस्ताही सायकलींसाठी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत वर्षभर खुला आहे. तिथे मी वेग कमी केला, कारण सायकलचा आवाज होत नाही आणि वळणावर जनावराला आपली चाहूल अगदी जवळ आल्यावरच लागते.

मग स्क्रीनवर सूचना आली: दोनशे मीटरवर डावीकडे वळा. मी वळले. तिथे पाटी नव्हती, अडसर नव्हता. पहिला किलोमीटरभर डांबर होते, पुढे उखडलेली खडी. माझे टायर अरुंद, २८ मिलिमीटरचे, ट्यूबलेस. परत फिरावे असे मनात आले होते. पण यंत्र पुढचा रस्ता ठळक रेषेने दाखवत होते आणि इतके लोक इथून गेले आहेत तर थोड्या अंतरावर पुन्हा डांबर लागेल, असे मी धरून चालले.

दुसऱ्या किलोमीटरनंतर मागच्या टायरची साइडवॉल धारदार खडीने कापली. ट्यूबलेसमधले सीलंट काट्याचे भोक बुजवते, बाजूच्या भिंतीला गेलेली चीर त्याला आवरत नाही. टायर काढणे, चिरेवर आतून तुकडा बसवणे, ट्यूब घालणे, हातपंपाने हवा भरणे, यात पंचवीस मिनिटे गेली. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते, ऊन चटके देऊ लागले होते. त्या पंचवीस मिनिटांत दोन टिटव्या माझ्या डोक्यावर अखंड ओरडत घिरट्या घालत होत्या. एक मध्येच जवळ उतरायची, थोडी धावायची, पुन्हा उडायची.

टिटवी झाडावर घरटे करत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये उथळ खळगा करून त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांचे रंग आणि ठिपके आसपासच्या मातीत इतके मिसळून जातात की पायाखाली आली तरी कळू नये. नर आणि मादी आळीपाळीने अंड्यांवर बसतात. कडक उन्हात हे बसणे ऊब देण्यासाठी नसते, सावली देण्यासाठी असते. पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी गार ठेवणाऱ्या टिटव्या अभ्यासकांनी पाहिल्या आहेत. ती दोघे माझ्या डोक्यावर होती, म्हणजे अंड्यांवर कोणी नव्हते. हे माझ्या लक्षात आले तेव्हा टायर अजून रिमबाहेर होता आणि मला तिथून हलता येत नव्हते. या पत्रातली माझी खरी तक्रार त्या पंचवीस मिनिटांची आहे.

दुरुस्तीनंतर सायकल हातात धरून, बूट काढून, मी जवळच्या टोकाकडे चालत निघाले. तिथे कुलूपबंद फाटक होते आणि त्यावर बाहेरच्या बाजूने पाटी: विणीच्या हंगामामुळे १ मार्च ते ३१ ऑगस्ट हा रस्ता सर्वांसाठी बंद. तिथल्या वनरक्षकांनी मला बाहेर काढले. ते रागावले, आणि त्यांचे रागावणे बरोबर होते. मी स्क्रीन दाखवली तेव्हा ते म्हणाले, “यंत्राला पाटी दिसत नाही. तुम्ही त्याच्या भरवशावर जंगलात येता कशाला?” ज्या वाटेने मी आत आले तिथली पाटी पडल्याचे मी त्यांना सांगितले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उभी केल्याचे त्यांनी कळवलेही.

बाहेर आल्यावरही यंत्र थांबले नाही. ‘यू-टर्न घ्या’ ही सूचना दर थोड्या अंतराने येत राहिली. मार्ग नव्याने आखायला सांगितले, तर चार किलोमीटर फिरवून त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे नेऊ लागले. ‘हा रस्ता बंद आहे’ असे यंत्राला सांगण्याची सोयच नाही. शेवटी मार्गदर्शन बंद केले आणि विचारत विचारत घरी आले.

आपल्या पहिल्या उत्तरात म्हटले होते की नकाशाची माहिती स्वयंसेवकांच्या ओपनस्ट्रीटमॅप या प्रकल्पातून येते आणि तिच्या अचूकतेची हमी देता येत नाही. मी तो नकाशा उघडून पाहिला. त्या रस्त्यावर सहा महिन्यांची सशर्त बंदी तारखांसह नोंदवलेली आहे. रस्त्याचा पृष्ठभाग ‘खडी’ असाही नोंदवलेला आहे. या दोन्ही नोंदी माझ्या राइडच्या वर्षभर आधीच्या आहेत. कोणीतरी विनामोबदला, काळजीने हे काम केले होते. दुसऱ्या उत्तरात आपणच मान्य केले की तारखेनुसार बदलणारे निर्बंध आपली प्रणाली सध्या वाचत नाही. मग चूक स्वयंसेवकांच्या माथी मारणे योग्य नाही. ‘स्थानिक नियम पाळणे ही वापरकर्त्याची जबाबदारी’ हे वाक्यही उत्तरात होते. ती जबाबदारी मी नाकारत नाही. उखडलेली खडी दिसताच मी परतायला हवे होते. पण नियम ज्या नकाशात लिहिलेला आहे, तोच नकाशा नियम गाळून मला विकला गेला, तर नियम मी पाळायचा कसा?

आता लोकप्रियतेबद्दल. जिथून जास्त सायकली गेल्या तो रस्ता चांगला, हा आपला हिशेब गावाकडच्या रस्त्यांवर बरोबर ठरतो, वर लिहिलेच आहे. अभयारण्यात तो फसतो, कारण आपल्या हीटमॅपला महिना कळत नाही. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा रस्ता खुला असतो आणि रुंद टायरच्या सायकली घेऊन पुष्कळ लोक तिथे रीतसर जातात. त्यांच्या नोंदींनी रेषा ठळक होते. मग मे महिन्यात माझ्यासारखीला तीच ठळक रेषा दिसते, तीही अरुंद टायरच्या सायकलवर. मी तिथून गेले की माझीही नोंद त्यात जमा होते आणि पुढच्या माणसाला रेषा आणखी ठळक दिसते. चूक करणारा प्रत्येक जण पुढच्याला आमंत्रण ठेवून जातो.

अशा नोंदी एकत्र केल्या की किती बोलतात, हे जगाने २०१८ च्या जानेवारीत पाहिले आहे. व्यायामाच्या नोंदींच्या एका जागतिक हीटमॅपवर लष्करी तळांमधल्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या होत्या आणि त्याची दखल सरकारांना घ्यावी लागली. सैनिकांना निदान तक्रार करता येते.

माझी त्या दिवशीची राइड यंत्राने आपोआप अपलोड केली. मी ती लगेच खाजगी केली आणि हीटमॅपवरून काढण्याची विनंती केली. नोंदी निनावी असल्याने एकटी राइड वेगळी काढता येत नाही, असे उत्तर आले. पण मी नाव पुसण्याची मागणी करतच नव्हते. त्या तीन किलोमीटरवरची माझी रेषा पुसा, एवढेच म्हणणे होते. पत्र लिहिण्यापूर्वी पुन्हा पाहिले. रेषा तशीच आहे.

टायरचे पैसे किंवा यंत्राची परतफेड मला नको. तारखांसह नोंदवलेली बंदी आपल्या मार्ग आखणीत वाचली जावी, आणि बंदी असेल तिथे लोकप्रियतेचा विचारच होऊ नये. हे काम मोठे असेल आणि वेळ लागणार असेल, तर तोपर्यंत संरक्षित क्षेत्राच्या हद्दीतील ज्या रस्त्यांवर कोणतीही सशर्त नोंद आहे ते मार्गातून वगळावेत. दहा-पंधरा किलोमीटर जास्त पडले तरी सायकल चालवणाऱ्याला त्याचे दुःख होत नाही. बंद काळातल्या नोंदी हीटमॅपमधून काढून टाका. प्रत्येक नोंदीवर तारीख असतेच, त्यामुळे नाव माहीत नसले तरी हे करता येईल. आणि यंत्रावर ‘रस्ता बंद आहे’ असे एक बटण द्या, जे दाबल्यावर तो संपूर्ण रस्ता त्या दिवसापुरता वगळला जाईल आणि यू-टर्नचा तगादा थांबेल. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय चालू असतानाही खडीचा रस्ता का निवडला गेला, याचे वेगळे स्पष्टीकरणही हवे आहे.

राइडची मूळ फाइल, त्या दिवशीच्या सेटिंग्जचे फोटो, फाटकावरच्या पाटीचा फोटो आणि आपल्या दोन्ही उत्तरांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. या पत्राची एक प्रत अभयारण्याच्या कार्यालयालाही देत आहे, कारण कोणते रस्ते कधी बंद असतात याची अधिकृत यादी आपल्याला द्यायला ते तयार आहेत. त्यांच्याशी बोलावे.

१ मार्चला फाटक पुन्हा बंद होईल. त्यापूर्वी काय बदलले आणि काय बदलता आले नाही, हे मला लेखी कळवावे.

आपली,
एक नियमित सायकलस्वार ग्राहक