ट्रॅक्टरच्या मागचा फोटो

चि. दीपकास,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी ठेवला. ताईने विचारलं तेव्हा तिला रेंज गेली म्हणून सांगितलं, तेही खोटंच. "बाबा, मी ठरवलेली कुठलीच गोष्ट तुम्हाला पटत नाही," असं तू म्हणालास आणि त्यावर मला उत्तर सुचेना, म्हणून आवाज चढला. एका डोळ्यावर अजून पट्टी आहे. ओळी वरखाली जातील, सांभाळून वाच.

तो जुना एचएमटी ३५११ ट्रॅक्टर घेऊ नको असं माझं म्हणणं नाही, हे आधी लिहून टाकतो. तू स्वतःच्या कमाईतून, कर्ज न काढता घेतोयस. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याची वाट बघण्यात दोन वर्षं वाफसा निघून गेला, हेही मला माहीत आहे. तुझी हिशोबाची वही ताईने मला वाचून दाखवली. माझ्या वयाच्या तिशीत मला असा हिशोब मांडता आला नसता. हे फोनवर बोलायला हवं होतं.

एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद पडला म्हणून गाडी वाईट, असंही मी मानत नाही. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ साली हे ट्रॅक्टर व्हायला लागले, ते चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या बांधणीवर. सुरुवात झाली २५ हॉर्सपॉवरच्या २५११ पासून. जुनी माणसं अजून त्याला झेटरच म्हणतात. मी पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं ते २५११ चंच, मामांच्या शेतात. दोन सिलिंडरचा तो ठोका मला आजही लांबून ओळखू येतो. तू लहान असताना ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून नाव सांगायचास, ते माझ्याकडूनच शिकलास. २०१६ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या मंत्रिमंडळाने पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायला मंजुरी दिली, ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली होती. ते नुसतं "हं" म्हणाले आणि तंबाखूची डबी माझ्यापुढे केली, मळून द्यायला.

तर ३५११ बघायला जाशील तेव्हा आदल्या रात्री मालकाला सांगून ठेव, सकाळी मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या हात इंजिनला लाव. गरम लागलं तर त्याने आधी चालू करून ठेवलंय, म्हणजे थंडीत उचलत नाही हे समज. चालू झाल्यावर धूर बघ. निळा धूर राहिला तर ऑइल जळतंय. पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत जातंय. काळा भाराखाली थोडा येतोच. ऑइलचं झाकण उघडून बघ, आत दुधाळ फेस असला तर तिथूनच मागे फीर. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून, भकाभका वाफ येत असेल तर बोअर-पिस्टनचं काम आलं. त्या कामाला मी भीत नाही. झेटरच्या बांधणीत दर सिलिंडरला हेड वेगळं आणि स्लीव्ह, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, बदलता येतात, चांगला मिस्त्री असला की झालं.

लिफ्टला जड नांगर लावून वर घ्यायला सांग आणि इंजिन बंद कर. हातपाय धुऊन येईपर्यंत नांगर जमिनीला टेकला तर हायड्रॉलिक गेलेलं आहे. मीटरच्या तासांवर जाऊ नकोस, क्लचच्या पेडलचं रबर किती झिजलंय ते बघ. नवा रंग दिलाय म्हणालास. गिअरबॉक्सच्या जोडापाशी बोट फिरव, रंगाखाली चिकट लागलं की कळेल कशासाठी दिलाय.

सामान मिळेल का, हा तुझा प्रश्न होता आणि मी त्याला फाटे फोडले. बेअरिंगवर नंबर असतो, सील मापावर मिळतं, फिल्टर जुळवता येतात. अडतं ते गिअर आणि ओतीव भागांपाशी. असा एखादा ३५११ भंगारात निघाला तर त्याची गिअरबॉक्स आणि लिफ्टचे हात घेऊन गोठ्यात ठेवून दे. मोडून हातात आल्यावर नको, आधीच.

कागदाचंही बघ. चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडून बघ, पत्र्यावरचा नको, ठोकलेला. बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद हवी. नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं, ते त्याने केलंय का ते विचार. आणि गाडी परराज्यात नोंदलेली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आता हे सगळं वाचून तू म्हणशील, बाबांचं सुरू झालं. झालंच. माफ कर. मला खरं तर यातलं काहीच सांगायचं नव्हतं.

तू पाठवलेल्या चार फोटोंपैकी तिसरा मागून काढलाय. ताईने मोठा करून दाखवला. सगळ्यांना नवे टायर दिसले. मला पीटीओवरचं, म्हणजे मागे यंत्र जोडायच्या फिरत्या शाफ्टवरचं, पत्र्याचं झाकण दिसलं नाही. नुसता शाफ्टचा खाचांचा तुकडा बाहेर आलाय. मी फोनवर त्यावरूनच चिडलो आणि बोललो मात्र किमतीवर.

अण्णांच्या हाताची गोष्ट तुला जशी माहीत आहे, तशी ती झाली नाही. धोतर सावरलं नाही, घाईघाईने शाफ्टवरून ओलांडले, असं घरात सगळे म्हणतात. तू तेव्हा तिसरीत होतास, आजीने तुला तसंच सांगितलं. सकाळी मळणीयंत्र जोडण्याआधी क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या सांध्याला, ग्रीस द्यायचं होतं. झाकण आडवं येत होतं म्हणून चार बोल्ट मी काढले. झाकण बोरीच्या झाडाला टेकवून ठेवलं. लावायला वेळ होता, पण ढग आले होते आणि गहू खळ्यावर पडला होता. सीटवर मी बसलो होतो. अण्णा पेंढ्या सरकवायला मागून गेले.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. तीन इंची क्रॉसभोवती एका सेकंदात सात फूट कापड गुंडाळलं जातं. मी हिशोब नंतर केला, पुष्कळ वेळा केला. आधी इंजिनचा आवाज किंचित दबला, जसा जाड पेंढी गेल्यावर दबतो. मला वाटलं पेंढीच आहे. मागे वळून बघायला मी जेवढा वेळ घेतला तेवढ्यात सोगा गेला आणि तो सोडवायला त्यांनी उजवा हात घातला.

दवाखान्यात नेताना ते मला म्हणाले, झाकणाचं कुणाला सांगू नको. संध्याकाळी खळ्यावर परत आलो तर झाकण बोरीलाच टेकलेलं होतं, आत चारही बोल्ट, मीच ठेवलेले. तुझ्या आजीलाही हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तुझ्या लग्नात त्यांनी डाव्या हाताने अक्षता टाकल्या तेव्हा मी मंडपातून उठून गेलो होतो, आणि तू नंतर विचारलंस की बाबा, कुठे होता.

म्हणून झाकण. नसेल तर पत्रा कापून बनवून घे, कुठलाही वेल्डिंगवाला तासाभरात करून देईल. शाफ्टवर प्लास्टिकची नळी असते तीही घे. तिची साखळी ट्रॅक्टरला अडकवायची म्हणजे शाफ्ट फिरला तरी नळी फिरत नाही. आणि खाली उतरण्याआधी पीटीओ सोड, इंजिन बंद कर, किल्ली खिशात टाक. एकटा शेतात असलास तरी. एकटा असलास तर जास्तच. बघ, परत तेच लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा राहू दिलं.

डॉक्टरांनी अजून तीन आठवडे धुळीत जाऊ नका म्हटलंय, त्यामुळे मला यायला जमणार नाही. तुझ्याबरोबर अण्णांना घेऊन जा. त्यांना मी पत्रात काय लिहिलंय ते सांगू नकोस, निदान मी येईपर्यंत. डबी विसरतील ते, ती तू बरोबर ठेव आणि तंबाखू मळून दे. गाडीपाशी पोचलात की ते आधी मागे जातील. त्यांना जाऊ दे, आणि ते काय म्हणतात ते मला कळव.

तुझे,
बाबा