भट्टी विझली, पाटी तशीच: माहीम शाखेबद्दल तक्रार

दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
(माहीम येथील रेस्टॉरंट व बेकरीची चालक कंपनी)

विषय: मेन्यूवर एक आणि ताटात दुसरं दिल्याबद्दल, तसंच बिलात परस्पर लावलेल्या १० टक्के रकमेच्या परताव्याबद्दल

महोदय,

आमच्या गल्लीच्या तोंडावरची जुनी बेकरी तुम्ही चालवायला घेतली, तेव्हा आम्हा रहिवाशांना बरंच वाटलं होतं. तिथे मोबाइलचं दुकान येणार अशी बोलवा होती. त्यापेक्षा पाव राहिला हे नशीब. तुम्ही आत लाकडी बाकं टाकलीत, कंदील लावलेत, एक सायकल भिंतीवर टांगलीत आणि दारावर ‘छोट्या गावातलं घरगुती हॉटेल आणि बेकरी’ अशी पाटी लावलीत. हौस तुमची, भिंत तुमची. गावच्या हॉटेलात बसल्या बसल्या पाण्याचे ग्लास आदळतात आणि मग काय हवं ते विचारतात, तुमच्याकडे आधी ‘बाटलीतलं की साधं?’ विचारतात, एवढा फरक मी सोडून देते. सासूबाईंकडे बटणांचा फोन असल्यामुळे त्यांना क्यूआर कोडचा मेन्यू उघडता येत नाही, तेही आम्ही वाचून दाखवून निभावलं. माझी तक्रार त्या मेन्यूत लिहिलेल्या मजकुराबद्दल आहे.

पहिल्याच पानावर आहे, ‘लाकडाच्या भट्टीतून थेट तुमच्या टेबलावर, कडक ब्रून’ (म्हणजे कडक सालीचा पाव). मागची भट्टी बंद आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं, ती मुदत जुलैमध्ये संपली. भट्टी बंद झाली याचं मला दुःख नाही. आमच्या खिडक्या मागच्या बाजूला उघडतात. पाडलेल्या इमारतींचं आणि मोडक्या फर्निचरचं रंग लावलेलं लाकूड जळायचं तेव्हा दोरीवरच्या कपड्यांना काय वास यायचा, ते आम्हाला विचारा. आता विजेवरचा ओव्हन वापरा, कायद्याला धरून आहे. मात्र मग मेन्यूतून लाकूड काढा. आणि तसं पाहिलं तर तो ब्रून इथल्या ओव्हनमध्येही भाजला जात नसावा, कारण सकाळी टेम्पोतून क्रेट उतरताना आम्ही रोज बघतो. परवा आलेला ब्रून मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला होता: वरून ओलसर, आतून वाफाळलेला, आणि चहा निम्मा होईपर्यंत चामड्यासारखा चिवट. ब्रून मोडताना आवाज आला पाहिजे आणि चुरा बशीत पडला पाहिजे. चहात बुडवल्यावरही त्याने थोडा वेळ तग धरला पाहिजे. माहीम, दादर, गिरगावात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. ज्याने तुमचा मेन्यू लिहिला, त्याने ब्रून खाल्ला आहे का, ही माझी प्रामाणिक शंका आहे.

‘घरच्या लोण्याचा बन मस्का’ हा दुसरा मुद्दा. त्यावर जे फासलं होतं ते टाळूला चिकटून बसलं, विरघळेना. गल्ल्यावर पैसे द्यायला गेले तेव्हा शेजारच्या ओट्यावर उघडा डबा दिसला, त्यावर ‘फॅट स्प्रेड’ असं छापलेलं आहे आणि घटकांत वनस्पती तेल आहे. (फोटो जोडला आहे.) टेबल बटर म्हणून विकायच्या पदार्थात किमान ८० टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते. तेलाचा स्प्रेड विकणं गुन्हा नाही, कित्येक ठिकाणी तोच लावतात आणि दरही तसाच घेतात. तुम्ही दर लोण्याचा घेता आणि वर ‘घरच्या’ असं लिहिता. कुणाच्या घरच्या?

आता मुख्य गोष्ट. शनिवार, २२ नोव्हेंबर रोजी मी, माझे यजमान आणि सासूबाई असे तिघे संध्याकाळी आलो होतो. मार्गशीर्ष लागल्यापासून सासूबाई अंड्याला हात लावत नाहीत. मेन्यूत मावा केकपुढे हिरवी खूण आणि ‘एगलेस’ असा शब्द होता. तरी वेटरला दोनदा विचारलं. तो आत जाऊन विचारून आला आणि ‘बिनअंड्याचाच आहे’ म्हणाला. त्यांनी आवडीने खाल्ला, आणखी एक मागवला. निघताना घरासाठी त्याच केकचा बंद डबा घेतला. त्यावर चौकटीतला तपकिरी त्रिकोण होता आणि घटकांत अंडं स्पष्ट लिहिलेलं होतं. मॅनेजरना विचारलं. आधी ते म्हणाले, ‘टेबलवरचा माल वेगळा, डब्यातला वेगळा.’ त्याच वेळी मागे एक मुलगा त्याच डब्यातले केक काढून बशीत लावत होता. तो दाखवल्यावर उत्तर आलं, ‘मॅडम, अंडं अगदी थोडंसंच असतं.’

हे वाक्य जसंच्या तसं लिहिते आहे, कारण ते तुमच्या वरिष्ठांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे. थोडंसं अंडं म्हणजे अंडंच. अन्नसुरक्षेच्या नियमांत अंडं घातलेला पदार्थ मांसाहारी गटात मोडतो, म्हणूनच डब्यावर तो त्रिकोण तुम्हाला छापावा लागला. मग त्याच केकला मेन्यूत हिरवी खूण कोणी लावली? आमच्या घरी प्रश्न व्रताचा होता. सासूबाई रिक्षात एवढंच म्हणाल्या, ‘मला न सांगता खायला घातलं, त्याचं मला काही नाही, विचारल्यावर खोटं का सांगितलं?’ शेजारच्या टेबलावर एखादं अंड्याची ॲलर्जी असलेलं मूल असतं, तर प्रकरण तिथेच थांबलं नसतं. तुमच्याच जाहिरातीप्रमाणे तुमच्या दहाहून जास्त शाखा आहेत. अशा साखळी उपाहारगृहांनी मेन्यूत पदार्थाचे उष्मांक आणि ॲलर्जी आणणारे घटक दाखवावेत, असं २०२० चे लेबलिंग व प्रदर्शनाचे विनियम सांगतात, आणि त्या यादीत अंडंही आहे. तुमच्या मेन्यूत उष्मांकांच्या जागी कंदिलाचं चित्र आहे.

बिलाचा हिशेब सरळ आहे. खाण्याचे ९४० रुपये. त्याखाली ‘कर्मचारी कल्याण योगदान’ म्हणून १० टक्के, म्हणजे ९४ रुपये. मग या १,०३४ रुपयांवर ५ टक्के जीएसटी, ५१ रुपये ७० पैसे. पूर्णांक करून १,०८६ रुपये. योगदान नसतं तर ९८७ झाले असते. ही रक्कम काढायला सांगितल्यावर ‘सिस्टिममधून निघत नाही’ असं उत्तर मिळालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेवा शुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावानेही घेता येत नाही आणि खाण्याच्या रकमेत मिसळून त्यावर जीएसटीही आकारता येत नाही. तुम्ही तिन्ही केलंत. या सूचना बंधनकारक आहेत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी स्पष्ट केलेलं आहे. बिलावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ अंकी परवाना क्रमांकही नाही. तो छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. बिल देण्याआधी माझा मोबाइल नंबर मागितला, तो मी दिला नाही, आणि तेवढ्यासाठी पाच मिनिटं उभं ठेवलं.

एक विनंती. ज्या मुलाने आम्हाला वाढलं, त्याच्यावर याचा राग काढू नका. तो आत विचारून आला आणि त्याला जे सांगण्यात आलं तेच त्याने आम्हाला सांगितलं. त्याच्यासाठी आम्ही टेबलावर वेगळे पैसे ठेवले होते. तुमच्या ‘कल्याणा’तलं त्याच्या हाती किती पडतं, हे त्याला विचारायला मला संकोच वाटला, तुम्ही लेखी कळवलंत तर आवडेल.

माझ्या मागण्या अशा आहेत. जादा घेतलेले ९९ रुपये परत करा आणि ते योगदान सगळ्यांच्याच बिलातून काढा. मावा केकपुढची हिरवी खूण आजच्या आज उतरवा, कारण मार्गशीर्षाचे गुरुवार आता सुरू होत आहेत आणि माहीममध्ये ते पाळणारी घरं पुष्कळ आहेत. लाकडी भट्टी आणि घरचं लोणी एक तर खरोखर आणा, नाही तर मेन्यूतून खोडा; चहा, खारी आणि नानकटाई चांगली आहे, ती तशीच विका. टेबलावरच्या केकमध्ये काय असतं याचं उत्तर मला मॅनेजरकडून तोंडी नको, कंपनीच्या शिक्क्यानिशी हवं.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर बिलाची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, नोंदवीन. केक आणि लोण्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाईल. त्यांचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे, माहीमहून फार लांब नाही, आणि तो मावा केकचा डबा मी लेबलासकट जपून ठेवला आहे.

कळावे,
आपली ग्राहक,
माहीम, मुंबई ४०० ०१६

सोबत: २२ नोव्हेंबरच्या बिलाची प्रत, मेन्यूतल्या दोन पानांचे फोटो, केकच्या डब्यावरील लेबलाचा आणि फॅट स्प्रेडच्या डब्याचा फोटो.