शेतावरच्या त्या सगळ्यांना मनापासून थँक्यू
शरद ऋतूतल्या त्या छोट्याशा शेत-उत्सवाला आमचं सगळं घर गेलं होतं, आणि तिथे राबणाऱ्या लोकांची नावंसुद्धा विचारायची राहिली म्हणून हे लिहितेय. ट्रॅक्टरवाल्या दादांचे किती आभार मानू, आईचे गुडघे दुखतात हे त्यांनी न सांगता ओळखलं, ट्रॉलीला स्टूल लावलं, पेंढ्यांवर तिला नीट बसवलं आणि गाडी इतकी हळू चालवली की ती अजिबात न घाबरता आजूबाजूचं बघत बसली. भोपळ्यांच्या वावरात एक ताई होत्या, पोरं देठाला धरून भोपळा उचलत होती तर त्या ओरडल्या नाहीत, शेजारी बसून समजावलं की देठ तुटला की तिथूनच भोपळा सडायला लागतो, म्हणून खालून दोन्ही हातांनी उचलायचा, आणि देठ शाबूत असलेला कडक सालीचा भोपळा कोरड्या जागी काही महिने टिकतो. आता घरी पोरं आम्हाला शिकवतायत! उंच मक्यातल्या भूलभुलैयात धाकटी रडायला लागली तेव्हा तिला बाहेर घेऊन येणारा मुलगा, पार्किंगमध्ये उन्हात उभे असलेले काका, तुम्हालाही खूप खूप थँक्यू. मोठे पाळणे नव्हते, लाऊडस्पीकर नव्हता, त्यामुळे आम्हाला एकमेकांशी निवांत बोलता आलं, प्लीज हे असंच साधं ठेवा, पुढच्या वर्षी आम्ही नक्की येतोय.