घरकामाची बेरीज शंभराच्या वर का जाते?

महोदय,

घरात जास्त कोण राबते, या प्रश्नावर वाचक तावातावाने पत्रे लिहितात आणि त्यांतले बहुतेक जण मनापासून खरे बोलत असतात, हीच त्यातली खरी गंमत आहे.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी पती आणि पत्नी यांना स्वतंत्रपणे विचारले, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती. दोघांचे दावे एकत्र मांडले, तेव्हा बहुतेक बाबतींत बेरीज शंभर टक्क्यांच्या पुढे गेली. याला फुशारकी म्हणून सोडून देता आले असते. पण भांडण उकरून काढण्यासारख्या, कोणी मिरवू नये अशा बाबींतही आपलाच वाटा मोठा असल्याचे लोकांनी सांगितले. दोष बहुधा स्मरणशक्तीचा आहे. स्वतः केलेले काम चटकन आठवते आणि जे चटकन आठवते, ते आपोआप जास्त वाटते.

ओले कपडे दोरीवर टाकणाऱ्याला अवघडलेली पाठ आठवते, न सापडलेला चिमटाही आठवतो. साबणाची पूड संपत आल्याचे चार दिवस आधी हेरून ती आणून ठेवणाऱ्याचे काम मात्र कोणाच्याच हिशेबात येत नाही, कारण डबा उघडला की पूड त्यात असते, एवढेच बाकीच्यांना ठाऊक असते. (ती स्वतःच चालत आली असावी.) काय संपले, कोणते बिल भरायचे राहिले, कोणाचे औषध कधी आणायचे, हे सतत डोक्यात वागवणे हे तर हाताने करायचे कामच नसल्यामुळे ते करणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

यावरून दोघांचा भार सारखाच असतो, असे मात्र कोणी समजू नये. जो खरोखर दुप्पट राबतो तोही आपला आकडा फुगवतो आणि जो इकडची काडी तिकडे करत नाही तोही. बेरीज चुकली म्हणून वाटणी न्याय्य ठरत नाही. कार्यालयातही हेच चालते, किंबहुना गट जितका मोठा, तितकी बेरीज अधिक फुगते, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले आहे.

यावर संशोधकांनी सुचवलेला उपाय सोपा आहे. आपला वाटा सांगण्याआधी बाकीच्या प्रत्येकाने काय काय केले, ते एकेकाचे नाव घेऊन आठवायचे. मग आपला आकडा बऱ्यापैकी खाली येतो. मात्र या उपायालाही एक खोच आहे. ज्यांचा वाटा मुळातच मोठा होता, त्यांना इतरांची कामे अशी आठवायला लावल्यावर त्याच मंडळींबरोबर पुन्हा काम करण्याचा त्यांचा उत्साह ओसरल्याचे दिसले. तेव्हा एकाच माणसाच्या जिवावर चालणाऱ्या घरांनी हा प्रयोग जरा जपूनच करावा.

आपला,
एक नियमित वाचक