गोळ्या बंद करू नकोस

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा त्याच ओळीवर अडकलो: ‘आमच्या रक्तातच आहे का हे?’ तुझ्या धाकट्या भावाने जीव दिला, त्याला दोन वर्षं होत आली. एवढ्या दिवसांत हा प्रश्न तू कुणाला विचारला नाहीस. आता स्वतःला नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्यावर मला विचारलास. औषधशास्त्र शिकवण्यात माझी इतकी वर्षं गेली, तेव्हा तुला नुसता धीर देऊन चालणार नाही. ठाऊक आहे ते सगळं लिहितो.

तुझी गोळी ज्यावर काम करते ते सेरोटोनिन म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन. १९४८ साली सापडलं ते रक्तात, रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ म्हणून. ते मेंदूतही असतं हे १९५३ साली बेटी ट्वॅरॉग यांनी दाखवलं. पुढे १९७६ साली स्वीडनमध्ये मारी ऑस्बर्ग यांनी नैराश्याच्या रुग्णांच्या मेंदूभोवतालचा द्रव तपासला. सेरोटोनिन वापरून झाल्यावर जो पदार्थ उरतो, तो ज्यांच्यात कमी होता त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त झालेले दिसले. या प्रश्नाच्या शोधाला खरी दिशा मिळाली ती तिथून.

मग संशोधक रिसेप्टरांकडे वळले. रिसेप्टर म्हणजे चेतापेशीवरची, निरोप झेलणारी जागा. एकट्या सेरोटोनिनसाठी असे चौदा प्रकार आहेत. १९८३ साली मायकेल स्टॅनली आणि जॉन मान यांनी आत्महत्येने गेलेल्या माणसांच्या मेंदूचा कपाळामागचा भाग तपासला, तेव्हा ‘५-एचटी-२’ जातीच्या जागा (५-एचटी हे सेरोटोनिनचंच दुसरं नाव) इतरांपेक्षा जास्त भरल्या. वरवर पाहता हे उलटंच वाटतं. त्याचा एक अर्थ असा लावतात की निरोप पुरेसे येईनात, म्हणून पेशींनी झेलणाऱ्या जागा वाढवल्या. पुढे व्हिक्टोरिया अरँगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याच भागाच्या खालच्या बाजूला सेरोटोनिन परत आत ओढून घेणारे वाहक कमी आढळले आणि ‘५-एचटी-१ए’ रिसेप्टर जास्त. मनात आलेल्या गोष्टीला ‘थांब जरा’ म्हणण्याच्या कामात मेंदूचा हा भाग असतो. ते वाचलं तेव्हा मला धाकटाच आठवला.

ही मोजणी कशी करतात तेही तुला सांगायचं आहे. मेंदूचे अतिशय पातळ काप घेतात. रिसेप्टरला चिकटणारा किरणोत्सारी पदार्थ त्यांवर सोडतात आणि काप फिल्मवर ठेवतात. जिथे रिसेप्टर दाट, तिथे फिल्म जास्त काळी होते. पण नुसत्या फिल्मवरून काही कळत नाही. म्हणून संशोधक घरच्यांशी बोलतात: शेवटच्या महिन्यांत झोप कशी होती, बोलणं कसं होतं, आधी कधी असं झालं होतं का. तुझ्या आईसारख्या कितीतरी आया त्या प्रश्नांना उत्तरं देत बसल्या, म्हणून आज मी तुला हे लिहू शकतो.

आता यातलं कच्चं काय तेही सांगतो. काही प्रयोगशाळांना हे फरक दिसलेच नाहीत. गेलेल्या माणसाच्या मेंदूत आजाराचा परिणाम कुठला आणि औषधांचा कुठला, हे वेगळं काढणं फार अवघड. शिवाय एखाद्याचे रिसेप्टर मोजून तो पुढे काय करेल हे आज कुणालाच सांगता येत नाही. ‘सेरोटोनिन कमी झालं की नैराश्य येतं’ हे समीकरणही टिकलेलं नाही. २०२२ सालचा जो आढावा तू वाचलास, त्याचं म्हणणं तेवढंच होतं. गोळ्या निरुपयोगी आहेत असं त्यावरून ठरत नाही, आणि तू मात्र तेच धरून बसलास.

नवव्या दिवशी ‘काहीच फरक नाही’ म्हणून तू गोळी सोडलीस, याचं मला फार वाईट वाटलं. गोळी वाहकाला काही तासांतच अडवते. सेरोटोनिन वाढतं, पण ते बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या बुंध्याशी आहेत आणि त्यांच्या अंगावरही ‘५-एचटी-१ए’ रिसेप्टर असतात. ते ब्रेकसारखे आहेत. सेरोटोनिन वाढलं की ते त्या पेशींनाच मंद करतात. हे ब्रेक सैल पडायला दोन-तीन आठवडे लागतात. गुण उशिरा येण्याचं सर्वांत पटणारं कारण हेच मानलं जातं. नवव्या दिवशी तू बहुधा त्या ब्रेकच्या काळातच होतास. सुरुवातीला बेचैनी वाढली, नको ते विचार वाढले, तर मात्र वाट बघायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

रक्ताचं म्हणशील, तर धोका घराण्यातून काही अंशी येतो, हे खरं आहे. दत्तक गेलेल्या मुलांच्या जन्मदात्या नातेवाइकांच्या अभ्यासातही ते दिसलं आहे. पण ज्यांच्या घरी असं घडलं, त्यांतली बहुसंख्य माणसं त्या वाटेने जात नाहीत. रिसेप्टर दगडात कोरलेले नसतात. औषधाने, उपचाराने, दिवस पालटले की ते बदलतात. धाकट्याचा त्या संध्याकाळचा फोन तू उचलला नाहीस. त्याच्या मेंदूत जे चाललं होतं ते त्या एका फोनच्या कितीतरी आधीपासून चाललं होतं, असं मला मनापासून वाटतं. तो तुझ्यावर रागावून गेला नाही रे.

आता मी एक सरळ विचारतो. विचारल्याने कुणाच्या मनात असला विचार रुजत नाही, म्हणून विचारतोय: जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का? ‘हो’ असेल तर हे पत्र बाजूला ठेव आणि आत्ता, कितीही वाजले असोत, मला फोन कर. घरात कुणालातरी उठव, एकटा राहू नकोस. ‘नाही’ असेल तरी मला तसं कळव.

गुरुवारी तुला डॉक्टरांकडे जायचं आहे ना? गोळी सोडल्याचं त्यांना लपवू नकोस, पुन्हा कशी सुरू करायची ते तेच सांगतील. मी बुधवारी रात्रीच येतो. आत तू एकटा जा, मी बाहेर बाकावर बसतो.

तुझाच,
मित्र