दोन मतांची निवडणूक

नॅशुआ, न्यू हॅम्पशायर

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. तुम्ही विचारलेत, अमेरिकेत आपल्यासारखा निवडणूक आयोग नाही, मग वादाच्या जागेचा निकाल देतो कोण? आयोग नावाची एक संस्था इथे आहे, पण ती उमेदवारांच्या पैशांचा हिशेब बघते. मतदान घेणे, मोजणे, निकाल जाहीर करणे हे सारे राज्यांचे आणि गावांचे काम. काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, जागेवरून वाद चिघळला, तर आपल्या सभासदाच्या निवडणुकीचा निवाडा ते सभागृह स्वतः करते. राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात तसे लिहिले आहे. आपल्याकडे हरलेला उमेदवार उच्च न्यायालयात याचिका करतो. इथे तो सभागृहाच्या दारात जातो, आणि आत बसलेला प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या पक्षाचा.

यातून काय होते हे १९७४ साली आमच्या याच राज्याने पाहिले. सिनेटच्या, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाच्या, जागेसाठी रिपब्लिकन लुइस वायमन आणि डेमोक्रॅट जॉन डर्किन उभे होते. राज्य रिपब्लिकन वळणाचे, पण ऑगस्टमध्येच त्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला होता आणि लोक त्या पक्षावर रागावलेले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या मोजणीत वायमन ३५५ मतांनी पुढे. डर्किन यांनी फेरमोजणी मागितली, तिच्यात तेच १० मतांनी जिंकले आणि त्यांना प्रमाणपत्रही मिळाले. मग वायमन राज्याच्या मतपत्रिका आयोगाकडे गेले. तिथे वादग्रस्त मतपत्रिका पुन्हा तपासल्या आणि आकडे निघाले १,१०,९२६ आणि १,१०,९२४. वायमन दोन मतांनी विजयी! डर्किन यांचे प्रमाणपत्र रद्द झाले.

बाबा, तुम्ही इतकी वर्षे इलेक्शन ड्यूटी केलीत, मोजणीच्या टेबलावर रात्री काढल्यात, म्हणून भांडण कशावरून होते ते नीट सांगते. इथल्या मतपत्रिकेवर प्रत्येक पक्षाच्या रकान्यावर एक वर्तुळ असे. त्यात फुली मारली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना एकदम मत. पण काही मतदारांनी रिपब्लिकन वर्तुळात फुली मारली आणि शिवाय खाली एकेका रिपब्लिकन उमेदवारापुढेही फुल्या मारल्या, फक्त वायमन यांचे नाव सोडून. आता हे मत वायमन यांचे धरायचे की नाही? वर्तुळ म्हणते, धरा. रिकामी जागा म्हणते, या माणसाने त्यांना मुद्दाम वगळले. मी यावर पुष्कळ विचार केला. मला वाटते, जो एकेका नावापुढे थांबून फुली मारत खाली आला, त्याने एक नाव विसरून सोडलेले नसते. पण असे ठामपणे म्हणणारा माणूस कुठल्या पक्षाचा, हाच तर पुढचा प्रश्न होता.

जानेवारी १९७५ मध्ये सिनेटने दोघांनाही शपथ न देता प्रकरण आपल्या समितीकडे सोपवले. हजारो मतपत्रिका वॉशिंग्टनला नेल्या. समितीत पाच डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन, तरी महत्त्वाच्या प्रश्नांवर मते चार-चार पडली, कारण अलाबामाचे जेम्स ॲलन हे डेमोक्रॅट असूनही पक्षाबरोबर गेले नाहीत. त्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. मग वाद पूर्ण सिनेटपुढे आला. रिपब्लिकनांनी भाषणे लांबवत मतदान होऊच दिले नाही. चर्चा थांबवण्याचा ठराव सहा वेळा फसला. या काळात न्यू हॅम्पशायरला दोनऐवजी एकच सिनेटर होता.

शेवटी डर्किन यांनीच पुन्हा निवडणूक घ्यायला होकार दिला. सभागृहात बहुमत त्यांच्या पक्षाचे होते, थांबले असते तर कदाचित जागा पदरात पडली असती. ३० जुलैला सिनेटने जागा रिकामी जाहीर केली. १६ सप्टेंबरला फेरनिवडणूक झाली, नोव्हेंबरपेक्षा जास्त लोक मतदानाला आले आणि डर्किन सुमारे २७ हजार मतांनी जिंकले. आमच्या शेजारच्या आजी दोन्ही वेळा मतदार होत्या. सप्टेंबरच्या रांगेबद्दल त्या अजून अभिमानाने बोलतात.

पुन्हा लोकांकडे जाण्याची ही सोय सगळ्यांना मिळत नाही. २००० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात जवळजवळ ६० लाख मते पडली आणि रिपब्लिकन बुश व डेमोक्रॅट गोर यांच्यात फरक राहिला ५३७ मतांचा. भोक पाडायच्या मतपत्रिका, अर्धवट लोंबणारे कागदाचे तुकडे, पाम बीचमधली गोंधळात टाकणारी मांडणी, हे सगळे आपल्या वर्तमानपत्रांतही आले होते. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली. इथे राष्ट्राध्यक्ष राज्यवार हिशेबाने ठरतो, म्हणून देशभरात पाच लाखांहून जास्त मते अधिक मिळूनही फ्लोरिडा गेल्यावर गोर हरले. मला तो निकाल आजही पटत नाही. वेळ संपली म्हणून मोजणी सोडून द्यायची नसते. पण जानेवारीत या निकालावर शिक्का मारणाऱ्या काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत उपाध्यक्ष म्हणून गोरच अध्यक्षस्थानी होते. त्यांच्याच पक्षाचे प्रतिनिधी एकामागून एक आक्षेप घ्यायला उठले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे एका सिनेटरचीही सही लागायची, ती कोणाकडेच नव्हती, आणि गोर यांनी प्रत्येक आक्षेप स्वतःच्या तोंडाने फेटाळला.

२०२० मध्ये आयोवा राज्यात प्रतिनिधीगृहाची, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाची, एक जागा सहा मतांनी गेली. हरलेल्या रीटा हार्ट सभागृहाकडे गेल्या, पण मार्चअखेर त्यांनी अर्ज मागे घेतला. २०२४ च्या लोकसभेत वायव्य मुंबईत फरक ४८ मतांचा होता, तेव्हा तुम्ही रात्रभर जागे होतात असे आई म्हणाली. सहा म्हटल्यावर तुमचे काय झाले असते!

मला विचाराल तर निवाडा सभागृहाकडे असणे मला मान्य नाही. आपल्याकडची न्यायालयाची वाट बरी, ती कितीही लांबली तरी. पण बरोबरी इतकी अटीतटीची असेल की प्रामाणिक माणसेही एकाच कागदावर दोन मते देतील, तर न्यायालयानेही ओढून-ताणून विजेता ठरवू नये, पुन्हा मतदान घ्यावे. तुम्हाला हे पटणार नाही, दुसऱ्यांदा मतदान म्हणजे खर्च आणि पैशाच्या वाटपाला नवी संधी, असे तुम्ही म्हणाल. सविस्तर लिहा.

आणि हेही लिहा की शिक्का दोन रकान्यांच्या मधल्या रेषेवर पडला, तर तुमच्या टेबलावर ते मत कोणाचे धरत होतात, आणि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी ते ऐकत होते का.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू