किंमत झाकून हप्ता सांगणाऱ्या जाहिराती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही महिने आपल्या दैनिकाच्या बातम्यांपर्यंत पोहोचण्याआधी परदेशी सहल, आलिशान मोटार किंवा हिऱ्यांचे दागिने यांची पानभर जाहिरात उलटावी लागते. आणि त्याच अंकात आत अवकाळीने हातची गेलेली द्राक्षबाग, थकलेली ऊसबिले आणि कुपवाड एमआयडीसीत कमी झालेल्या पाळ्या यांच्या बातम्या असतात. मंदीत महागड्या वस्तू विकूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला तानपुराही रोजच्या गरजेची वस्तू नव्हे. पण भोपळा निवडण्यापासून तारांचा नाद घुमवणारी जवारी काढेपर्यंत त्यावर कितीतरी कारागिरांची घरे चालतात, आणि ज्याची ऐपत आहे त्याने तो मंदीत तर अवश्य घ्यावा.

माझी तक्रार वेगळी आहे. हात आखडल्यामुळे जे गिऱ्हाईक एरवी दुकानाची पायरी चढले नसते, त्याच्याकडे या जाहिराती आता वळल्या आहेत आणि त्याला किंमत न सांगता हप्ता सांगत आहेत.

कुपवाडला एका फाउंड्रीत काम करणाऱ्या माझ्या पुतण्याने गेल्या वर्षी अशाच जाहिरातीवरून सिंगापूर-थायलंडची सहल ठरवली, तेव्हा त्याचा ओव्हरटाइम बंद होऊन दोन महिने झाले होते. त्याने आणलेले कात्रण मी जपून ठेवले आहे. ‘दरमहा फक्त ९,९९९ रुपये’ हा आकडा बोटाच्या पेराएवढा आहे, आणि खालच्या कडेची, फुलीपुढची ओळ वाचायला मला भिंग घ्यावे लागले. चोवीस हप्त्यांचे २,३९,९७६ रुपये होतात. रोखीने तीच सहल १,९०,००० रुपयांना होती, आणि प्रक्रिया शुल्क निराळे. तीस वर्षे पतसंस्थेत कर्जखाते सांभाळलेल्या मलाही ही बेरीज कागदावर मांडावी लागली. पण तोवर सूनबाईंनी पासपोर्ट काढले होते, मुलांनी शाळेत सांगून टाकले होते. नको म्हणणे माझ्या जिवावर आले, याची मला आजही खंत आहे. सहल सहा दिवसांत संपली. हप्ते अजून अकरा बाकी आहेत, आणि ते भरण्यासाठी सूनबाईंच्या पाटल्या तारण पडल्या आहेत.

हप्त्यांच्या जाहिरातींत मिरवले जाणारे ‘शून्य टक्के व्याज’ अशी काही गोष्टच नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. जाहिरातीतला खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि तशाच अक्षरात असावा, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तरीही मराठी जाहिरातीखालच्या अटी बारीक इंग्रजीत छापल्या जातात, आणि आपल्या दैनिकातही त्या तशाच येतात, हे मी एक जुना वर्गणीदार म्हणून दुःखाने लिहितो आहे.

जाहिरातींवर वृत्तपत्र चालते, याची मला जाणीव आहे. म्हणून त्या नाकाराव्यात, असे मी म्हणत नाही. हप्त्याचा आकडा असलेली कोणतीही जाहिरात स्वीकारताना रोखीची किंमत, हप्त्यांची एकूण रक्कम आणि शुल्क हे तीन आकडे मराठीत, हप्त्याच्याच आकाराच्या अक्षरांत देण्याची अट आपल्या जाहिरात विभागाने घालावी, आणि दिवाळीच्या जाहिराती घ्यायला सुरुवात होण्याआधी तसे पहिल्या पानावर जाहीर करावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी,
विश्रामबाग, सांगली